पाहुण्यांच्या हातचं पाणी

माझा स्वभाव तापट. मुखेडच्या आमच्या कॉलेजात हे शिपाईमावशींपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक. सात वर्षं तिथे मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते आणि दर उन्हाळ्यात जीव टांगणीला लागायचा. त्या एप्रिलात निवड समिती आली. तिच्यासमोर एक पाठ घ्यायचा. पसंत पडला तर कायमची जागा, नाहीतर जूनपासून घरी.

मी रासायनिक समतोल निवडला. कोबाल्ट क्लोराइडचं द्रावण तापवलं की निळं होतं, थंड केलं की परत गुलाबी. क्रिया दोन्हीकडून चालूच असते, परिस्थिती बदलली की पारडं एकीकडे झुकतं, एवढंच दाखवायचं होतं. आमच्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, दुपारी त्याखाली हात धरवत नाही. म्हणून माठातलं पाणी सकाळीच तांब्यात काढून झाकून ठेवलं होतं.

निळा रंग झकास आला. मी झाकण उचललं, तर तांब्या रिकामा.

"मावशी, पाणी कुठंय?" मी दाराकडे जाऊन हळूच विचारलं.

"पाव्हणे उन्हाचे आले, त्यांना दिलं की. माठातलं संपलंय."

डोकंच फिरलं माझं. पण समितीसमोर ओरडणार कशी? नळाचं पाणी घेतलं, परीक्षानळी त्यात धरली. निळी ती निळीच. आता सात वर्षं पाण्यात गेली, असंच वाटलं.

"गुलाबी कधी होणार, मॅडम?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या हातात माठाच्या पाण्याचा ग्लास होता, अजून तोंडाला न लावलेला.

पुढचं सांगताना आजही लाज वाटते. मी तो ग्लास सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला आणि नळी त्यात बुडवली. ग्लास स्टीलचा, आतलं काही दिसेना. मनात साठ अंक मोजून नळी वर काढली. गुलाबी.

"अन् मी काय प्यावं?" अध्यक्ष म्हणाले.

मी नळाचा ग्लास भरून पुढे ठेवला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "ह्यानं गुलाबी होणार न्हाई, हे पटलं," म्हणाले.

जूनमध्ये ऑर्डर हातात पडली. पेढे घेऊन आधी मावशींकडेच गेले. त्यांनी पेढा घेतला नाही.

"पाव्हण्याच्या हातचं पाणी हिसकावलं तुम्ही," त्या म्हणाल्या, "तेबी मी दिलेलं."

सात वर्षं मी त्यांच्यावर ओरडत आले होते. त्या दिवशी पेढे तिथेच ठेवले आणि त्यांचा माठ भरायला घेतला.