दुखणं आठ, सांगितलं तीन

“फ्रोझन शोल्डर,” ऑर्थोपेड, म्हणजे इथले हाडांचे डॉक्टर, म्हणाले आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले. माझ्या उजव्या खांद्याचं निदान चार मिनिटांत झालं. त्या चार मिनिटांसाठी मी जर्मनीतल्या बॉनमध्ये सात आठवडे थांबले होते. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आक्रसतं आणि हात वर जाईनासा होतो, असा त्याचा अर्थ. फिजिओथेरपीने सैल झाला तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. मला मधुमेह आहे, जखम लवकर भरत नाही, त्यामुळे ऑपरेशन टाळायचंच होतं. तुमच्यापैकी कुणाचा खांदा असा अडकला असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

हातात सहा वेळांचं रेझेप्ट पडलं, म्हणजे उपचारांची चिठ्ठी. ती अठ्ठावीस दिवसांत सुरू करायची असते. आमच्या भागात पाच आठवड्यांच्या आत कुठेच टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, नव्हती. मी नऊ ठिकाणी फोन केले. शेवटी चिठ्ठी बाद झाली आणि नव्या चिठ्ठीसाठी पुन्हा त्याच वेटिंग रूममध्ये तीच मासिकं चाळत बसले. तोवर केसही बांधता येईनात. माझा नवरा मिलिंद सकाळी वाकडीतिकडी वेणी घालून द्यायचा आणि मी तशीच ऑफिसला जायचे.

अखेर हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर यांच्याकडे टर्मिन मिळाली. साठीचे गृहस्थ, आधी मसाज शिकलेले, मग फिजिओथेरपिस्ट झालेले. त्यांच्या जुन्या प्रमाणपत्रावर मसाज करणारा आणि ‘मेडिझिनिशर बाडेमाइस्टर’, म्हणजे औषधी स्नान घालणारा, असं लिहिलेलं होतं. पूर्वी हे काम स्नानगृहांत चालायचं, तिथून ते दवाखान्यात आलं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मला तेव्हा इतिहास नको होता. माझ्या वीस मिनिटांतली दोन त्यात गेली होती.

त्यात हा माणूस सारखा विचारायचा. “डार्फ इश?” म्हणजे हात लावू का? इथे दाबू का? शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? नागपूरला माझ्या बाळंतपणात मालिशवाल्या मावशी काहीच विचारत नसत. कण्हलं की त्या आणखी जोर लावायच्या. दुखलं तरच गुण येतो, हे आईनेही माझ्या डोक्यात पक्कं बसवलेलं. म्हणून आठ दुखत असताना मी हसून “द्राय” म्हणायचे, तीन. त्यांनी जोर कमी करू नये, एवढीच माझी धडपड.

चौथ्या वेळेनंतर खांदा असा ठणकायला लागला, की होता तेवढाही हात उचलेना. असंच राहिलं तर ऑपरेशनची तारीख ठरवू, असं ऑर्थोपेडनी सांगून टाकलं. पाचव्या वेळी मी भांडायच्या तयारीनेच गेले. तुम्ही माझ्या खांद्याचं वाटोळं केलंत, हे मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये ऐकवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “फ्राउ मेश्राम, मी दर वेळी विचारलं. तुम्ही तीन म्हणालात.”

“मला वाटलं, सहन केलं की लवकर बरं होईल.”

“तुमचा स्नायू आखडत होता, ते मी ओळखायला हवं होतं. ती चूक माझी. पण खरं दुखणं लपवून दिलेल्या परवानगीवर मला काम करता येत नाही. आज मी हात लावणार नाही.”

इतक्या मिनतवारीने मिळालेल्या सहातली एक वेळ अशी गेली. घरी येऊन मी संतापाने रडले. त्यांचं खरं होतं, याचाच राग जास्त होता.

सहाव्या वेळी त्यांनी हात हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. पाचापर्यंत दुखल्यावर मी कसंबसं “श्टॉप” म्हणाले. त्यांचा हात त्याच क्षणी थांबला. “दांके,” ते म्हणाले, म्हणजे थँक्यू. माझ्या एका शब्दावर कुणी थांबतं, हे माझ्या अंगाला अगदी नवीन होतं.

पुढे आणखी तीन चिठ्ठ्या लागल्या. टर्मिनसाठीची वणवण काही चुकली नाही. नऊ महिन्यांनी ऑर्थोपेडनी माझा हात कानापर्यंत नेला आणि ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, तेही चार मिनिटांतच.

हेर लिंडनर यांची मी ऋणी आहे. तुम्हाला कुणी किती दुखतंय असं विचारलं, तर पहिल्याच वेळी खरं सांगा. मला हे शिकायला सेहेचाळीस वर्षं लागली, आणि त्याबद्दल मी अजूनही चिडलेली आहे.