पिवळा दिवा विझेपर्यंत: सिंदी मेघे ते पुलगाव, लांबच्या वाटेने

सिंदी मेघेहून पुलगावला देवळीमार्गे जायला जेमतेम पाऊण तास लागतो. आम्ही समृद्धी महामार्गाने, शेजारच्या जिल्ह्यात शिरून, वर्धा नदी दोनदा ओलांडून गेलो. नकाशा पाहून कुणीही म्हणेल की बाई रस्ता चुकली. बाई रस्ता चुकली नव्हती. तुमच्या दारात डिझेल गाडी असेल, आणि तिच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून तुमची झोप उडाली असेल, तर हा प्रवास तुमच्यासाठीच लिहिते आहे.

आम्ही निघालो होतो गाडी विकायला.

गाडीचं नाव सांगत नाही, मला कुणाची जाहिरात करायची नाही. चार मीटरच्या आतली, उंच बांध्याची, दीड लिटर डिझेल इंजिनची गाडी. एकशे पंधरा अश्वशक्ती, अडीचशे न्यूटन-मीटरचा जोर, सहा गिअर, पोट जमिनीपासून एकशे नव्वद मिलिमीटर वर. शिवाय सनरूफ, सहा एअरबॅग आणि उन्हाळ्यात पाठीला गार हवा देणाऱ्या सीटा. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे असे आकडे मला कवितेसारखे पाठ होतात. बाबांचं तसं नाही. बाबा एकतीस वर्षं सरकारी कचेरीत लिपिक होते. साहेबांच्या जीपच्या दौऱ्यांचे आदेश त्यांनी टाइप केले, पण त्या जीपमध्ये स्वतः बसले फार तर चार वेळा. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यात एकदाच कुणालाही न विचारता एक गोष्ट घेतली, ती म्हणजे ही गाडी. तीही सगळ्यात वरच्या मॉडेलची.

आणि मग ते तिला जपू लागले.

सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक दोन वर्षांत निघालं नाही. गार हवेच्या सीटा त्या प्लास्टिकखाली गुदमरत राहिल्या. चाळीसच्या वर वेग नाही. तिसरा गिअर पडला की लगेच पाचवा, डिझेल वाचावं म्हणून. रोज सकाळी सात वाजता पोर्चमध्ये गाडी सुरू करून दहा मिनिटं उभ्या उभ्या चालू ठेवायची आणि बंद करायची. कचेरीतला जीपचा ड्रायव्हर असंच करायचा. ‘इंजिनले जाग द्याव लागते’ हे वाक्य बाबांनी तिथूनच उचललं. त्याखेरीज गाडी बाहेर पडायची ती बाजारात, दीड किलोमीटर. दोन वर्षांत तिने तीन हजार किलोमीटरही पाहिले नव्हते.

डिसेंबरात पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने एकदा साफ करून दिलं आणि सांगितलं की गाडी अशीच चालवाल तर पुढच्या वेळी धुराचा फिल्टरच बदलावा लागेल. महिन्याभरात दिवा परत आला. समोरच्या घरातल्या गुरुजींनी हसत विचारलं की एवढी महागाची गाडी आणि रोज आजारी कशी. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुलगावच्या गोपालभाऊंना फोन केला. गोपालभाऊंचं तिथे लोखंडी सामानाचं दुकान आहे आणि त्यांना अशीच गाडी हवी होती. रविवारी दहा वाजता येतो, असं बाबांनी सांगून टाकलं.

मी भांडले. बाबा भांडले नाहीत, ते नुसतं म्हणाले, “मले नाई जमत हे, बेटा. एवढी चांगली वस्तू घेतली अन् माह्या हातानं खराब करून राह्यलो.”

हे ऐकून मला रडू आलं, आणि नंतर प्रचंड राग आला. गाडी गेली असती तर तिच्याबरोबर बाबांचा स्वतःवरचा भरवसाही गेला असता. त्या रात्री गाडीची माहितीपुस्तिका शोधली. ती आईच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली, मूळ पिशवीत बंद होती. कुणी उघडलीच नव्हती. दिव्याचं पान सापडलं आणि मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

सोप्या भाषेत सांगते. डिझेलच्या धुरातली काजळी एका फिल्टरमध्ये साठते. धूर पुरेसा तापला की ती काजळी आतल्या आत जळून जाते आणि फिल्टर मोकळा होतो. पण त्यासाठी गाडी न थांबता, साठच्या वर, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर पंचवीसेक मिनिटं पळावी लागते. बाबांच्या बाजाराच्या फेरीत आणि पोर्चमधल्या त्या दहा मिनिटांत काजळी फक्त साठत होती, जळत कधीच नव्हती. दोन वर्षं आम्ही त्या इंजिनला लाडाने कोंडून मारत होतो. पुस्तिकेत एक इशाराही होता: दिवा स्थिर असेल तर गाडी पळवा, लुकलुकत असेल तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा. आमचा स्थिर होता.

बाबांना मी पुस्तिका दाखवली. त्यांनी ती वाचली, पण विश्वास ठेवला नाही. बिघडलेली वस्तू पळवून नीट होते, हे त्यांच्या बुद्धीला पटणं शक्यच नव्हतं. मग मी एकच अट घातली: पुलगावला गाडी मी चालवणार आणि रस्ता मी ठरवणार. दिवा विझला नाही तर गोपालभाऊंच्या हातात चावी द्या, मी एक शब्द बोलणार नाही. बाबांनी मान हलवली.

रविवारी आठला निघालो. जानेवारीतली थंडी होती. वर्ध्यातच एका टपरीवर सांबारवडी खाल्ली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. गरम वडी, वर कढी, तीस रुपये प्लेट. हिवाळ्यात इकडे आलात आणि ती न खाता गेलात तर येऊन न आल्यासारखंच. टायरमधली हवा तिथेच शेजारी तपासून घेतली. हे तुम्हीही करा, समृद्धीचा सिमेंटचा रस्ता जुन्या आणि कमीजास्त हवेच्या टायरांना माफ करत नाही. खाणंपिणं, बाकीचे विधी, सगळं आधी उरका, कारण वर चढल्यावर मनात येईल तिथे थांबता येत नाही.

येळाकेळीला महामार्गावर चढलो तेव्हा नऊ वाजायला आले होते. मी गाडी ऐंशीवर नेली आणि मुद्दाम चौथ्या गिअरवर ठेवली. फेऱ्यांचा काटा दोन हजारांच्या थोडा वर स्थिरावला. इंजिनचा आवाज बदलला. आजवर ही गाडी कुरकुरायची, ती आता सलग, भरल्या गळ्याने गुणगुणू लागली. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं पिवळी पडलेली, मधेच वेचणी उरलेला कापूस. बाबांनी छतावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं.

“काऊन एवढी पळवतं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की ऐंशीच आहे, आणि इथे एकशेवीसची मुभा आहे. त्यांनी हँडल काही सोडलं नाही.

दहाव्या मिनिटाला समोरच्या पडद्यावरचा मायलेजचा आकडा एकदम घसरला. बाबांचा जीव वरखाली झाला. मला मात्र आनंद झाला, कारण पुस्तिकेत हेच लिहिलं होतं: फिल्टर तापवायला गाडी स्वतःहून थोडं जास्त डिझेल वापरते. काम सुरू झालं होतं. आणि नेमका तेव्हाच गोपालभाऊंचा फोन आला. बाबा चालत्या गाडीत फोनवर बोलत नाहीत, हा त्यांचा नियम आहे. ते म्हणाले, बाजूला घे. मी म्हटलं, घेणार नाही. वेग कमी झाला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. फोन वाजून वाजून बंद झाला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नववीत गेले. त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच मोडला होता, तोही ऐंशीच्या वेगात.

विरुळचा फाटा आला. पुलगावला उतरायचं ते इथे. बावीस मिनिटं झाली होती आणि दिवा तसाच ठणठणीत पिवळा. उतरले असते तर वळण, टोल, खालचा रस्ता, पुढे बैलगाड्या. मी उतरले नाही.

“अवं, तो गेला न आपला फाटा,” बाबा म्हणाले.

“जाऊ द्या,” मी म्हटलं. “अट काय होती? रस्ता माझा.”

पुढचा फाटा धामणगावचा, म्हणजे अमरावती जिल्हा. खोटं कशाला सांगू, मलाही शंका येऊ लागली होती. पुस्तिका चुकली तर? उशीर झाला असेल तर? वर्धा नदीचा पूल लागला. खाली पाणी बारीक, वाळू उन्हात पांढरी. मी रस्त्याकडे पाहत होते, त्यामुळे तो क्षण मी पाहिलाच नाही. पाहिला बाबांनी.

“बेटा,” ते हळूच म्हणाले, “तो लाइट गेला.”

मी पाहिलं. डॅशबोर्ड स्वच्छ होता. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाबा दचकले, आणि मग तेही हसायला लागले. बाबांना मी असं पोट धरून हसताना कधी पाहिलं होतं ते आठवेना. हँडलवरचे दोन्ही हात सुटले होते. मग त्यांनी गोपालभाऊंना उशीर होईल असं कळवलं, स्वतःचाच नियम मोडून, चालत्या गाडीतून.

धामणगावला उतरलो आणि खालच्या रस्त्याने परत पूर्वेकडे, पुन्हा नदी ओलांडून पुलगावात शिरलो. टोल थोडा जास्त गेला, त्याचं मला काही वाटलं नाही. वाटेत बाबांनी मला प्रश्न विचारून हैराण केलं. जोर दीड हजार फेऱ्यांपासूनच का मिळतो? पाचवा गिअर लवकर टाकला तर नक्की काय होतं? वर्गात पुढच्या बाकावरची मुलंसुद्धा इतकं विचारत नाहीत. एक सूचना लिहून ठेवते: पुलगावात दारूगोळ्याच्या डेपोच्या बाजूला कॅमेरा काढू नका, लष्कराचा भाग आहे.

गोपालभाऊ दुकानासमोर उभे होते. सावळे, गोल चेहऱ्याचे, बोलायला गोड. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, चहा मागवला, आणि बाबांना विचारलं की गाडीत काही दोष वगैरे. बाबांनी लपवलं नाही. दिवा का लागला, काजळी कशी साठते, ती कशी जळते, उभी गाडी चालू ठेवल्याने कसं नुकसान होतं, गिअर कधी टाकावा, सगळं त्यांनी सांगितलं. चहा निवला. मी एका कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. तासाभरापूर्वी शिकलेलं ते अशा थाटात सांगत होते की जसं ते इंजिन त्यांनीच बनवलं असावं. एकही आकडा चुकला नाही.

गोपालभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि साधाच प्रश्न विचारला. “मंग एवढी चांगली हाय तं विकून काऊन राह्यले, बापा?”

बाबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पुढचं दार उघडलं आणि सीटवरचं प्लास्टिक ओढून काढायला सुरुवात केली. भर बाजारात, चर्र चर्र आवाज करत, एक एक सीट. दोन वर्षांचं कडक झालेलं प्लास्टिक. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्यांना घाम आला होता.

“नाई विकत,” ते म्हणाले. “तुम्हाले तरास झाला, माफ करजा.”

मला वाटलं गोपालभाऊ चिडतील. ते थोडे हिरमुसले, पण त्यांनी प्लास्टिकचा ढीग उचलून पाहिला आणि हे तरी नेऊ का, दुकानातल्या सोफ्याला होईल, असं विचारलं. बाबांनी आनंदाने दिलं.

परतीचा रस्ता देवळीमार्गे, आणि चालक बाबा. मी चावी मागितलीच नाही. गावाबाहेर पडल्यावर ते आधी चाळीसवर होते, मग पन्नास, मग साठ. देवळीच्या पुढे रस्ता मोकळा आणि रुंद आहे. तिथे कापसाच्या ट्रॅक्टरमागे एक एसटी आणि एसटीमागे आम्ही. पूर्वीचे बाबा वर्ध्यापर्यंत त्या एसटीच्या मागेच राहिले असते. या बाबांनी आरसा पाहिला, एक गिअर खाली टाकला आणि पाय दाबला. अडीचशे न्यूटन-मीटर म्हणजे काय ते मला पाठीला कळलं. एसटी मागे पडली, ट्रॅक्टर मागे पडला, आणि बाबांनी सीटच्या गार हवेचं बटण सुरू केलं. जानेवारीत. घरापर्यंत कुडकुडत आलो, पण बंद करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

गुरुजी फाटकाशीच होते. विकली का, असं त्यांनी विचारलं. बाबांनी त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि एक चक्कर मारून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी जागी झाले ती शांततेने. पोर्चमधून आवाज नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर बाबा पायरीवर बसून पुस्तिका वाचत होते, मांडीवर शब्दकोश आणि हातात पेन्सिल. आता दर रविवारी येळाकेळी ते विरुळ ठरलेलं असतं. दिवा त्यानंतर लागलेला नाही.

हे सगळं आज लिहायला बसले त्याचं कारण गेल्या आठवड्यातला फोन. गोपालभाऊंनी मधल्या काळात दुसरीकडून डिझेल गाडीच घेतली, आणि ती दुकानासमोर झाकून ठेवली. दिवा लागला. घाबरून त्यांनी बाबांना फोन केला, की आता काय करू, विकून टाकू का. बाबांनी शांतपणे विचारलं की लाइट लुकलुकतो का. नाही, स्थिर आहे, असं उत्तर आल्यावर घड्याळ पाहिलं.

“विरुळच्या फाट्यावर येजा,” ते म्हणाले. “मी पुढं राह्यतो, तुम्ही मांगून या. अन् मधात थांबू नका.”

चावी घेतली आणि गेले. मला येतेस का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी फाटकाशी उभी राहिले, आणि गल्लीच्या टोकाशी त्यांनी दुसरा गिअर अगदी वेळेवर टाकल्याचं ऐकलं.