अकरा वेळा करुणा

बाबांनी चिनी शिकायला घेतलं तेव्हा आईला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. कोराडीच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर हुडकेश्वरला घर बांधलं, बाग केली, बागेचाही कंटाळा आला. मग विहारात कुणीतरी सांगितलं, की बौद्ध ग्रंथांपैकी कितीतरी इथे हरवले आणि फक्त चिनी भाषांतरात उरले. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यामुळे बाबांना ते फार लागलं. "आपलंच सामान त्यायच्या घरी हाये, तं एकडाव पाहून याले पाहिजे नं," म्हणाले आणि मोबाइलवर धडे गिरवायला बसले. चार वर्षं झाली, अजून उठलेले नाहीत.

नोंदी ते 'माझ्या' ॲपमध्ये ठेवायचे. म्हणजे मी ज्या छोट्या कंपनीसाठी घरून काम करते, तिच्या. त्यातला शोध, म्हणजे शब्द टाकला की नोंद काढून देणारा भाग, मी लिहिलेला आणि त्याचा मला नको तेवढा गर्व. मराठीत 'घर' शोधा, 'घरात'वाली नोंदसुद्धा हजर! बाबांच्या नोंदी मात्र थेट लॉगबुकसारख्या: वेळ, चिनी ओळ, खाली चिनीतच अर्थ, आणि शेवटी मराठीत 'शेरा'. अर्थ मराठीत लिहिला तर चिनी येईल कधी, असं त्यांचं म्हणणं.

एक दिवस आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुया बाबाले काही याद राहून नाही राहिलं वं. थे दोन अक्षरं पाय, खाली तीन तीन थेंबवाले. दर आठ-पंधरा दिवसांनी नवे म्हणून लिहितेत. मले चिनी येत नाही, तरी मले पाठ झाले!"

मी शनिवारची डॉक्टरची वेळ घेतली आणि बाबांना सांगितलं, बीपी तपासायचा आहे. एरवी दवाखाना म्हटलं की तासभर वाद घालणारा माणूस 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'नेच मी जास्त घाबरले.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी तीच दोन अक्षरं शोधली. 'काही सापडलं नाही,' असं स्क्रीनवर आलं. त्यांनी शांतपणे नवी नोंद उघडली.

"बाबा, हे तुम्ही आधी लिहिलं होतं ना?"

"लिहिलं असन असं वाटते. पण थे नाही म्हणून राहिलं."

"मग?"

"मंग काय? डोक्याले वाटते म्हणून आमी व्हॉल्व्ह नाही फिरवत. मीटर पाहाचं. मीटर नाही म्हणते, तं नाही."

मी हाताने नोंदी मागे सरकवत गेले. मागच्या महिन्यात ती अक्षरं होतीच. त्याच्या मागच्या महिन्यातही होती. बाबांना सगळं आठवत होतं. माझा शोध त्यांना तोंडावर खोटं सांगत होता, आणि ते आयुष्यभराच्या शिस्तीने त्याच्यावर विश्वास ठेवत होते.

कारण समजायला दहा मिनिटं लागली. माझा शोध दोन शब्दांमधली मोकळी जागा पाहून वाक्य तोडतो. चिनीत ती जागाच नसते. अख्खी ओळ त्याला एकच लांबलचक शब्द वाटायची आणि मधली दोन अक्षरं त्याला दिसायचीच नाहीत.

पण मग माणसाला कसं दिसतं? मला राहवेना. "शब्द कुठे संपला हे तुम्हाला कसं कळतं?"

"कळते. तू बोलते तवा कुठी थांबते वं? एका दमात बोलते. मले समजते नं?"

मी त्यांना पेन्सिल दिली आणि एक ओळ तोडून मागितली. त्यांनी एका जागी रेघ मारली, खोडली, दुसरीकडे मारली. "इथी दोनीकून होते," म्हणाले, आणि स्वतःच खूश झाले. मीही झाले. शब्द तोडून देणारे तयार कोश मिळतात, तेही लावून पाहिले. पण त्या कोशांना आजची चिनी येते, जुन्या ग्रंथांपुढे ते गडबडतात. दोन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. आईचा चहा तीनदा गार झाला, दवाखान्याची वेळ रद्द करायचंही राहून गेलं.

मग कोराडीचे आमचे क्वार्टर आठवले. एका ओळीतली घरं, दर दोन घरांत एक सामायिक भिंत. कुठलं कुटुंब कुठे संपतं ते विचारायचंच कशाला? पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं, अशी शेजारशेजारच्या अक्षरांची प्रत्येक जोडी नोंदवून ठेवायची. काही जोड्या निरर्थक निघतील, थोडा कचरा येईल. पण हरवणार काही नाही.

शनिवारी सकाळी मी ते बाबांच्या मोबाइलवर टाकलं. ते दवाखान्यासाठी तयार होऊन बसले होते, बुटांसकट. त्यांनी ती दोन अक्षरं लिहिली.

अकरा नोंदी आल्या. "करुणा," बाबा म्हणाले. "अन् खालचे थे थेंब म्हंजे हृदय."

मी शेरे वाचत होते. पहिला होता, 'नवीन शब्द. सुंदर.' चौथा: 'आधी लिहिला वाटते. नोंद सापडली नाही.' सातवा: 'पुन्हा तेच. ऑपरेटरवर लक्ष ठेवणे.' दहावा: 'ऑपरेटर तपासून घेणे. पोरीला सांगू नये.'

मला रडू आवरेना. "बाबा, चूक माझी होती," एवढंच म्हणता आलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग अकरावी नोंद उघडली आणि एका बोटाने, सावकाश, शेरा लिहिला: 'मीटर बिघडलं होतं. ऑपरेटर ठीक.'

आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.