गावाला गेलेली मावशी

साऱ्या महाराष्ट्राला हसवायचं आणि आपण मात्र एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसायचं, हे जगात फक्त माझ्या मावशीलाच जमलं. तीस वर्षं ती टीव्हीच्या विनोदी मालिकांत खाष्ट सासू, भोचक शेजारीण आणि विसराळू आजी झाली. घरात मात्र कुणी विनोद केलेला तिला खपत नसे. "फुकट हसू नये, सवय लागते," म्हणायची. धंद्याची एक खोड तेवढी अंगात मुरली होती. कुणी काही विचारलं की मनात एक, दोन मोजून मगच उत्तर द्यायचं. मंडईत भाजीवालीनं "मेथी देऊ का?" विचारलं, की ही मेथीवर नजर लावून गप्प. तेवढ्यात चार बायका पोट धरून हसायच्या आणि आपल्या मेथीत काय खोट निघाली म्हणून भाजीवाली चिडायची.

पुढे पाठांतर दगा देऊ लागलं. तिनं ते कुणाला कळू दिलं नाही. आपली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून ती डब्यांच्या झाकणांवर, सुपात, समोरच्या नटाच्या पाठीवरसुद्धा चिकटवायची. एकदा त्या नटानं घामेजला म्हणून सदरा बदलला आणि मावशीची तीन वाक्यं सदऱ्याबरोबर धुवायला गेली. ती त्याच्या कोऱ्या पाठीकडे बघत राहिली. सगळे खदखदून हसले. त्यांना वाटलं, ती मोजतेय. दिग्दर्शक मात्र हसला नाही. पुढच्या आठवड्यात मालिकेत 'आजी गावाला गेल्यात' असं एक वाक्य आलं, आणि मावशी खरोखरच आपल्या गावी, सोलापूरला आली.

"गावाला गेलेलं माणूस परत येतंय की," ती मला सांगायची. बोलावणं आलं तर आजी जशीच्या तशी हवी, म्हणून तिनं अंबाडासुद्धा बदलला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं. डोळ्यावर पट्टी असताना फोन आला म्हणजे? मी संतापायचो, आंधळी होशील म्हणायचो. थोडं थांबून ती म्हणायची, "आजीला तरी कुटं नीट दिसतंय?" तिचा राग यायचा आणि त्याच्या दुप्पट माया वाटायची.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मालिकेतल्या भिंतीवर तिचा फोटो लागला. फोटोला हार. मालिकेत गावाला गेलेली माणसं परततात, परदेशी गेलेलीही परततात. हार घातलेलं माणूस परतत नाही. मावशीनं दार लावून घेतलं, ते दोन दिवस उघडलं नाही. फोन उचलेना, तेव्हा मी सांगोल्याहून धावत आलो. तिनं मला आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली.

टीव्हीवर हार, दोन दिवस बंद दार आणि आता दारात पाहुण्याच्या चपला. गल्लीला एवढं पुरेसं होतं. दुपारी शेजारच्या पाचसहा बायका डोक्यावर पदर घेऊन पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा असतो. दार मावशीनंच उघडलं.

"अगं बया, तुमी हाय व्हय!" पुढची बाई दुरडी सावरत म्हणाली. "हार बघितला की आमी. लई चुकलं बगा. जातो माघारी."

"चुकलं न्हाई," मावशी लगेच म्हणाली. "गेलीय की ती. आणलेलं माघारी नेऊ नगा. या आत."

मी पानं मांडली. बायकांनी वाढलं आणि कुणीच हात लावेना. मावशीनं भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि तोंडापाशी नेता नेता रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला खरं रडताना पाहिलं नव्हतं. त्या बायकांत एकही हसली नाही. दुरडीवाली सरकून तिच्या शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खावा, माय. पयला घास घरच्या माणसानं घ्यायचा आसतो."

मावशीनं तो घास घेतला.