चमचाभर दुधाची कॉफी आणि गिरजामावशी

कप परत आला. पुन्हा भरलेलाच. वर साय धरलेली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा गुडीहत्नूरजवळ, हैदराबादला जाणाऱ्या हायवेला लागून असलेल्या एका सूतगिरणीत कँटीन सुपरवायझर होतो. गेस्ट हाऊसही माझ्याकडेच. गिरणीत इटलीहून नवी वाइंडिंग मशीन आली होती. वाइंडिंग म्हणजे छोट्या बॉबिनवरचं सूत जोडत जोडत मोठ्या कोनवर गुंडाळणं. ती बसवायला तिकडचाच एक फिटर आला होता, ब्रुनो. पन्नाशीचा, उंच, इंग्रजी मोडकंतोडकं, बाकी सगळं हातांनी बोलायचा. जेवणाची त्याची तक्रार नव्हती. ज्वारीची भाकर आवडीने खायचा. घोडं पेंड खात होतं ते कॉफीपाशी.

कॉफीची पावडर त्याने स्वतःच आणली होती आणि ती करायचं ॲल्युमिनियमचं भांडंही. ते कसं वापरायचं हे त्याने पहिल्याच दिवशी गिरजामावशीला दाखवलं. गिरजामावशी म्हणजे आमच्या गेस्ट हाऊसची स्वयंपाकीण. मूळची जवळच्याच तलमडुगूकडची. हाताला चव आणि जिभेला धार. सकाळी दहाला ती कॉफीचा कप मशीनवर पाठवायची आणि तो तसाच परत यायचा.

जनरल मॅनेजर राव साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कोत्तावार, मेहमान कॉफी नहीं पी रहा. उसका मूड खराब, तो काम स्लो. क्या चल रहा है?"

"देखता हूँ साब."

"सोमवार तक देखो. नहीं तो हैदराबाद से कुक बुलाता हूँ. बाई को छुट्टी."

मला धास्तीच बसली. मावशीच्या घरात कमावणारी ती एकटीच. आणि खरं सांगायचं तर तिच्या हातचं जेवून मीही सोकावलो होतो. तडक किचन गाठलं.

"मावशी, त्याला दूध कमी लागतं म्हणे."

"म्हन्ते ना तो रोज. बोटं जुळवून दाखवते, लिटल, लिटल. मंग मी आनखी घालून राह्यली."

"आणखी? काऊन?"

"काऊन म्हंजे? पाव्हणा कधी सोताच्या तोंडानं 'भरपूर द्या' म्हनन का? तुमी आमच्या घरी आले तं काय म्हन्ता? 'थोडंच टाका.' मंग आमी थोडंच टाकतो का?"

पाहुण्याने नको म्हणायचं आणि घरच्याने वाढायचं, ही आमच्याकडची रीतच. ब्रुनो जितका कळवळून 'लिटल' म्हणे, तितका तो मावशीला घरंदाज वाटे, आणि तितकं कपातलं दूध वाढे.

"मग दूध वेगळं पाठवा. तो घेईल हवं तेवढं."

"पाव्हण्यानं सोताच्या हातानं घ्यावं? आमचे हात मोडले का? अन् नुसती काळी कॉफी पाठवली तं लोक काय म्हनतीन, गिरणीत दुधाचा दुष्काळ पडला?"

रविवारी मी ब्रुनोकडेच गेलो. नोकरीचा भाग होताच, पण मला कुतूहलही होतं. इतक्या चांगल्या म्हशीच्या दुधाला हा माणूस का घाबरतो? त्याने व्हरांड्यात स्टोव्ह पेटवला. भांडं तीन भागांचं. खाली पाणी, मधे पावडर, वरचा भाग रिकामा. पाणी तापलं की वाफेच्या दाबाने ते पावडरीतून वर चढतं. हे घरगुती, असं त्याने हातांनी समजावलं. दुकानात यासाठी मोठी मशीन असते आणि दाब कितीतरी जास्त. बारीक दळलेल्या पावडरीतून गरम पाणी रेटायचं. त्यातून जेमतेम दोन घोट निघतात, पण दाट. ती एस्प्रेसो.

मग त्याने काट्याने दूध फेटलं आणि कॉफीवर त्या फेसाळ दुधाचा एक चमचा सोडला. काळ्यावर पांढरा ठिपका उमटला.

"माकियातो," तो म्हणाला आणि स्वतःच्या शर्टावरच्या ग्रीसच्या डागावर बोट ठेवलं. म्हणजे डाग पडलेली कॉफी. डाग दुधाचा.

मी चाखली. आधी कडू लागली. मग तो कडवटपणा जरा निवला आणि तोंडात भाजल्याचा छान खमंगपणा राहिला. मी विचारलं, अजून दूध घातलं तर अजून चांगली नाही का लागणार? त्याने टेबलावरची मिठाची वाटी उचलली.

"मोअर सॉल्ट, मोअर गुड?"

मला पटलं. पण हे मावशीला कसं सांगायचं? दूध आणि मीठ एका वाक्यात काढलं असतं तर तिने मला किचनमधून हाकललं असतं.

संध्याकाळी गेलो तर ती विरजण लावत होती. पातेलंभर कोमट दूध आणि चमच्याच्या टोकावर दही. माझी ट्यूब पेटली.

"मावशी, एवढंसंच? वाटीभर टाका की."

"डोकं ठिकान्यावर हाय ना भाऊ? आंबट ढाण होईन. विरजण विरजणाएवढंच पायजे."

"ब्रुनोच्या कॉफीला दुधाचं विरजण लागतं. त्याहून जास्त टाकलं की बिघडली."

तिने चमचा पातेल्याच्या काठावर ठेवला.

"असं हाय का? मंग इतके दिस काऊन नाई सांगतलं? मले वाटलं तो लाजून राह्यला!"

सोमवारी दहाला राव साहेब स्वतः मशीनवर हजर. मावशीही ट्रे घेऊन आली. एरवी ती शेडमध्ये पाऊल टाकत नसे. ट्रेमध्ये दोन छोटे कप. ब्रुनोने एक उचलला, आधी आत डोकावून पाहिलं. मग दोन घोटांत संपवला, डोळे मिटले आणि रिकामा कप मावशीसमोर उलटा धरला. माझा जीव भांड्यात पडला.

दुसरा कप साहेबांनी घेतला. एक घोट घेतला आणि कडुनिंबाचा पाला चावल्यासारखं तोंड केलं.

"अरे, इसमें दूध किधर है?"

"इत्तेच होना साब," मावशी म्हणाली. "जादा डाले तो बिगड़ता."

साहेबांनी कप हळूच खाली ठेवला. हैदराबादच्या कुकचा विषय पुन्हा निघाला नाही. मशीन सुरू झाली, ब्रुनो गेला, आणि मावशी रिटायर होईपर्यंत त्याच किचनमध्ये राहिली.

मी मात्र तेव्हापासून एक शिस्त लावून घेतली. कुणी 'थोडं' म्हणालं की नुसती मान डोलवायची नाही. त्याच्या हातात चमचा द्यायचा आणि म्हणायचं, दाखवा.