रिकाम्या तालमीला नमस्कार

रविवारी दुपारी अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, एका तरुण सामुराईचा जुना जपानी सिनेमा पाहत होतो. अण्णा एकेकाळचे पैलवान. आता गुडघे गेलेत. पडद्यावरची भाषांतराची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत आणि मी वाचून दाखवलेलं चालत नाही.

तो तरुण तलवार परजत गुरूच्या तालमीत घुसला, तसे अण्णा म्हणाले, "मार खाणार हे पोरगं. आत येताना वाकलं नाही."

त्यानं मार खाल्लाच. मग तो गावोगाव भटकला, हरला, शिकला. मी त्याचा चपळ होत गेलेला हात पाहत होतो. मोठं होणं म्हणजे तेवढंच, असं मला वाटत आलंय. अण्णा मात्र त्याच्या ताठ पाठीकडे बघत होते.

शेवटच्या लढाईआधी तो गुरूच्या त्याच, आता रिकाम्या पडलेल्या तालमीत परतला आणि त्यानं जमिनीला कपाळ टेकवलं. सोफ्यावरून अण्णांचा हात, आखाड्यात उतरताना जायचा तसा, आपसूक मातीसाठी खाली गेला. फरशीपर्यंत पोचला नाही, तसाच कपाळाला लागला.

"झालं," ते म्हणाले. "आता हरला तरी चालेल."

तलवारी उपसल्या गेल्या. मी सरसावून बसलो. शेजारी अण्णा शांतपणे घोरत होते.