व्हर्लाबाईंचा गुरुवारी संपलेला कागद

व्हर्ला स्टेनक्विस्ट यांच्या औषधांच्या दुकानात मी बावीस वर्षं काउंटर सांभाळला, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी मी त्यांच्यावर चिडलेली होते. बाई वाईट नव्हत्या. पण नियम म्हटला की त्यांच्या अंगात यायचं. त्यांचा नवरा लोवेल एकदा पाठीच्या दुखण्यानं आडवा झाला, डॉक्टरच्या चिठ्ठीची मुदत शनिवारी संपलेली, तर बाईंनी त्याला सोमवारपर्यंत गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलं. नवरा झाला म्हणून काय झालं, त्याला काय चिठ्ठी लागत नाही? लोवेल हा किस्सा दुसऱ्यांच्या लग्नात उभा राहून सांगायचा आणि बाई शेजारी बसून मान डोलवायच्या, जणू कौतुकच चाललंय.

आमचं गाव वॉशिंग्टन राज्यात, डोंगरांच्या पलीकडच्या कोरड्या बाजूला, सफरचंदांच्या मुलखात. डॉक्टर एक, औषधांचं दुकान एक, चर्च मात्र सात. तोडणीच्या दिवसांत गाव दुप्पट होतं. माझे आईवडीलही असेच मेक्सिकोहून तोडणीला आले आणि राहिले, म्हणून मला दोन्ही भाषा येतात. बाईंची स्पॅनिश काउंटरपुरती होती. 'दिवसातून दोनदा', 'जेवल्यावर', 'दारू नाही', एवढ्यावर त्यांनी तीस वर्षं काढली.

तर ती गोळी. संबंध आल्यावर दिवस राहू नयेत म्हणून तीन दिवसांच्या आत घ्यायची. जितकी लवकर तितकी बरी. तेव्हा ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नसे. पण आमच्या राज्याच्या कायद्यात एक सोय होती. फार्मासिस्टनं त्याचं शिक्षण घेतलं आणि एखाद्या डॉक्टरशी लेखी करार केला, तर ती गोळी तो स्वतः देऊ शकत असे. बाईंनी हे शिक्षण डोंगर ओलांडून जाऊन घेतलं, डॉक्टर प्रुएटची सही घेतली आणि करार चौकटीत घालून भिंतीवर लावला. दोन चर्चमधली माणसं दुकानात यायची बंद झाली. एक बाई तर खोकल्याचं औषध आणायला पन्नास मैल जायला लागली. व्हर्लाबाई ना त्यांच्याशी वाद घालत, ना स्वतःची बाजू सांगत. एकदाच मला म्हणाल्या होत्या, "फेमी, गोळीला घड्याळ कळतं, डॉक्टरची सुट्टी कळत नाही. मी घड्याळाच्या बाजूची."

२००३ सालच्या ऑक्टोबरातला शनिवार. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्या गावात काही होत नाही. लग्न ठरत नाही, नळ फुटला तर कुणी येत नाही, माणूस मेला तर त्याला सोमवारपर्यंत थांबावं लागतं. झाडून सगळे पुरुष आणि निम्म्या बाया नारिंगी जाकिटं घालून डोंगरात.

सकाळी दहाला नाझारिया आली, कडेवर आठ महिन्यांची इत्झेल. पॅकिंगच्या शेडमध्ये काम करणारी, सव्वीस-सत्तावीसची, बारीक चणीची. काउंटरपाशी आली आणि कंगवे बघायला लागली. कंगवे बघणाऱ्या बायका मला बरोबर कळतात. मी तिला मागच्या खोलीत नेलं.

बुधवारी रात्री झालं होतं. गुरुवार-शुक्रवार शेडमधून सुटका नव्हती, आणि इथे चिठ्ठीशिवाय गोळी मिळते हे तिला कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं होतं. इत्झेलच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं होतं, की वर्षभरात पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे सांगताना ती इत्झेलच्या टोपीचं बटण सारखं लावत होती, काढत होती.

नवऱ्याला माहीत आहे का, मी विचारलं.

"फिलेमोनला सांगितलं तर तो नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. "आधी रडेल. मग आईला फोन लावेल. मग त्याची आई नाही म्हणेल."

मी हे बाईंना इंग्रजीत सांगितलं, तर बाईंनी गंभीरपणे मान हलवली. लोवेलची आई त्यांनाही पुरती ठाऊक होती.

बाईंनी सगळं नीट समजावलं आणि मी ते आमच्या भाषेत सांगितलं. दोन गोळ्या, एक लगेच, दुसरी बारा तासांनी. उलटी झाली तर काय करायचं. अंगावर पाजत असलीस तरी चालतं. नाझारियानं फॉर्मवर सही केली. करारावरचा क्रमांक लिहायचा होता, म्हणून मी भिंतीवरची चौकट काढून आणली. क्रमांक चौकटीच्या कडेखाली गेला होता. काच सरकवली, कागद वर ओढला, तर खालची एक ओळ बाहेर आली. करार दोन वर्षांचा होता आणि तो गुरुवारी संपला होता.

कागद चौकटीत घालताना बाईंनी स्वतःच्या हातानं मुदतीची ओळ कडेखाली दाबली होती. दुसऱ्यांच्या मुदती वर्षानुवर्षं तपासणारी बाई, स्वतःची मुदत शोभेसाठी भिंतीला टांगून बसली.

मी म्हटलं, "द्या ना बाई. दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बंद पडावं म्हणून टपलेली माणसं आहेत, फेमी. त्यांना असा एकच कागद पाहिजे. आज हिला दिली, तर पुढच्या पन्नास जणींची जाईल."

"पुढच्या पन्नास जणी इथे उभ्या नाहीयेत. ही उभी आहे."

 मला इतका संताप आला, की कंगव्यांचा स्टँड ढकलून द्यावा. बाईंनी फोन जवळ ओढला.

त्यांनी दवाखान्याला फोन लावला, तो बंद. डॉक्टर प्रुएटच्या घरी लावला. त्यांची बायको हसायलाच लागली, आज कुठला डॉक्टर म्हणे. डोंगरात मोबाइल लागत नाहीत. नव्वद मैलांवरच्या इस्पितळात लावला, तर पेशंटला घेऊन या, चारेक तास बसावं लागेल. आणि मजुरांना घेऊन जाणारी नाझारियाची व्हॅन तीन वाजता कॅलिफोर्नियाला निघणार होती, दोन दिवसांचा रस्ता. तोडणी संपली, कंत्राटदार थांबत नाही. आज रात्री तीन दिवस पुरे व्हायचे होते.

बाईंनी फॉर्मची घडी केली, कराराचा कोरा नमुना काढला, गोळ्यांचं पाकीट पांढऱ्या पिशवीत घातलं आणि पिशवी कोटाच्या खिशात ठेवली. नाझारियाला अडीचला दुकानाच्या दाराशी यायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझा पिकअप घे. प्रुएटला शोधायचंय."

मी जंगलातल्या रस्त्यानं अशी गाडी आयुष्यात हाणलेली नाही. धूळ, खड्डे, वळणं. बाई शेजारी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत.  रागानं मी एकही खड्डा चुकवला नाही.

शिकाऱ्यांच्या पहिल्या तळावर प्रुएट नव्हता. तिथल्या बर्ट नावाच्या म्हाताऱ्यानं बाईंचा पांढरा कोट बघून कपाळावर हात मारला. "व्हर्ला, आजच्या दिवशी पांढरं घालून रानात? हरणाची शेपटी समजून उडवतील तुला." त्यानं स्वतःचं नारिंगी जाकीट काढून त्यांच्या अंगात चढवलं, आणि चढवता चढवता रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते असं सांगून घेतलं. बाईंनी घाईतही त्याला तीन प्रश्न विचारले. मी हॉर्न दाबून धरला.

दुसऱ्या तळावर कॉफी घ्याच म्हणाले. प्रुएट पहाटे इथे होता, वरच्या कड्याकडे गेला. वरच्या कड्याकडे गेलो, तिथे त्याची गाडी होती, तो नव्हता. साडेबारा झाले. बाई गाडीभोवती फेऱ्या मारायला लागल्या. चार पावलं जायच्या, थांबायच्या, हाका मारायच्या, परत यायच्या. शिकारीच्या पहिल्या दिवशी रानात ओरडून हरणं पळवणाऱ्या माणसाला आमच्याकडे खुनी समजतात. चारी बाजूंनी शिव्या आल्या. बाई ओरडतच राहिल्या. त्या वेळी मात्र माझा राग थोडा उतरला.

एकला एका झाडाखाली प्रुएट सापडला, टोपी तोंडावर घेऊन झोपलेला. सगळं ऐकून तो उठून बसला आणि पेन मागितलं. गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, मग पेन थांबलं.

"तारीख गुरुवारची टाकतो," तो म्हणाला. "मध्ये खंड पडायला नको. कुणाला कळणार आहे?"

"मला," बाई म्हणाल्या.

त्यानं आजची तारीख टाकली.

उतरताना सफरचंदांच्या खोक्यांनी लादलेल्या एका ट्रकच्या मागे अडकलो. वळणांमुळे पुढे काढता येईना. अकरा मैल आम्ही त्या खोक्यांची तोंडं बघत आलो. बाई पुटपुटत होत्या. मला वाटलं प्रार्थना करताहेत, म्हणून कान दिला, तर ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता.

गावात पोचलो तेव्हा तीनला दहा कमी होते. दुकानाच्या दाराशी कुणी नव्हतं. शेजारच्या बेकरीतली पॉलेट बाहेर आली. खिंडीत बर्फ पडणार असं रेडिओवर सांगितलं म्हणून कंत्राटदारानं व्हॅन अडीचलाच काढली होती. ती पोरगी बाळाला घेऊन दोनपासून तुमच्या दाराशी उभी होती, म्हणाली. हॉर्न वाजला तरी हलेना, शेवटी नवरा येऊन घेऊन गेला.

बाई एकदम पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "सकाळी द्यायला हवी होती." मी हेच सकाळपासून मनात घोकत होते, पण त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला अजिबात बरं वाटलं नाही.

मी त्यांना दंडाला धरून उठवलं. कॅलिफोर्नियाला जाणारी प्रत्येक व्हॅन खालच्या पुलापाशी पेट्रोलला थांबते, बाळांचे लंगोट बदलतात, माणसं पाय मोकळे करतात. माझं बालपण अशाच व्हॅनमध्ये गेलंय. चाळीस मैल. ते मी किती वेळात काढले हे पोलिसांनी वाचू नये म्हणून लिहीत नाही.

व्हॅन होती. पेट्रोल भरून झालेलं, सगळे आत बसलेले, इंजिन सुरू. बाईंनी बॉनेटवर फॉर्म ठेवून नव्या कराराचा क्रमांक आणि वेळ लिहिली, तीन वाजून सव्वीस मिनिटं. मग पांढरी पिशवी घेऊन चालत गेल्या, पांढऱ्या कोटावर नारिंगी जाकीट, केसांत पाचोळा. मी मागून.

दार सरकवलं तशी आतली बारा माणसं गप्प झाली. कोट घातलेलं माणूस व्हॅनचं दार उघडतं, तेव्हा इथे राहायचे कागद नसलेली निम्मी माणसं सरकारी माणूस समजून माना खाली घालतात. नाझारिया मागच्या बाकावर होती. मांडीवर इत्झेल. तिनं पिशवी बघितली आणि डोळे मिटले. दाराशी फिलेमोन बसला होता, रुंद खांद्यांचा, कोवळ्या चेहऱ्याचा.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "बाळाला काही झालंय का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी थापा मारण्यात गावात पहिली आहे, आणि त्या क्षणी मला एक थाप सुचेना. बारा माणसं ऐकत होती. नाझारिया डोळे उघडत नव्हती.

तेव्हा व्हर्लाबाई बोलायला लागल्या. त्यांच्या त्या काउंटरच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये, लिंग-वचनाचा पत्ता नाही.

"बाळाची कान," त्या म्हणाल्या. "आत दुखतो. गोळी आई खातो. दूध बाळ पिते. दुधातून कान बरी."

मी खाली बघितलं. कुणी कांद्याच्या रसानं ताप उतरतो म्हटलं, तर ही बाई त्याला दुकानात अर्धा तास उभं करून शिकवायची. औषधाबद्दल खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, आणि आता त्या भर रस्त्यात, लाल चेहऱ्यानं, इतकं अडाणी खोटं बोलत होत्या.

"एक आत्ता," बाई म्हणाल्या. "आत्ता म्हणजे आत्ता. दुसरी बारा तासांनी."

फिलेमोननं पिशवी घेतली. पाकीट फोडलं, एक गोळी तळहातावर काढली, आपल्या पाण्याची बाटली उघडली आणि दोन माणसांच्या खांद्यांवरून दोन्ही मागच्या बाकाकडे दिली.

"घे," तो बायकोला म्हणाला. "आत्ताच घ्यायची म्हणताहेत."

नाझारियानं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि बाटली परत देईपर्यंत व्हर्लाबाईंकडे बघत राहिली.

दुसरी गोळी फिलेमोननं शर्टाच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं. बोटांवर तास मोजले. "म्हणजे पहाटे साडेतीनला," तो तिला म्हणाला. "तू झोप. मी उठवतो तुला."

व्हॅन गेली. बाई पेट्रोल पंपावर तशाच उभ्या होत्या. मी पिकअपचं दार उघडलं तेव्हा येऊन बसल्या, पट्टा लावला, फॉर्मची घडी उलगडून पुन्हा वाचली.

"तो उठवेल तिला," त्या म्हणाल्या. "नक्की उठवेल. चांगला माणूस आहे, फेमी, आणि मी त्याला फसवलं."

आणि गाव येईपर्यंत त्या रडत होत्या.